रविवार संध्याकाळच्या तारखा

(माडीवरची खोली. निम्म्या जागेत जुन्या नाटक कंपनीचं सामान, उरलेल्या निम्म्यात संसार. मामा आरामखुर्चीत, मामी शिवणाच्या मशीनवर, आणि आपलं फ्रेमिंगचं दुकान लवकर बंद करून आलेली भाची, पर्स अजून मांडीवरच धरून.)

मामा : ...आणि आता यापुढचं जे सांगणार आहे, त्यावर तू काय, तुझ्या आईनंही विश्वास ठेवला नसता, आणि ती तर माझी सख्खी बहीण. पण शेवटच्या प्रयोगाला लोक छपरावर होते, पोरी. छपरावर! कौलं काढून, पालथे पडून नाटक बघत होते.

भाची : थिएटरला पत्रा आहे, मामा.

मामा : तो नंतर बसवला. कौलं लोकांनी नेली ना!

मामी : आठवण म्हणून.

मामा : बघ, मामी साक्षीला आहे.

भाची : मामी, तुम्ही खरंच बघितलंत?

मामी : मी स्टेजवर होते, बाळा. नवरीनं मान खाली घालून उभं राहायचं होतं. वर कोण आहे ते मी कशी बघणार?

मामा : आणि तिसऱ्या अंकात आपल्या घड्याळानं तेरा ठोके दिले ना, तेव्हा बाहेर चौकातलं मोठं घड्याळ लाजून बंद पडलं. दोन दिवस शहरात कुणाला वेळ कळत नव्हती. कचेऱ्यांमधले साहेब लोक आमच्या बुकिंगच्या खिडकीवर येऊन विचारायचे, अहो, किती वाजले?

भाची : तुम्ही काय सांगायचात?

मामा : सांगायचो, साडेसहा. प्रयोग सुरू होतोय. चटकन तिकीट काढा.

भाची : मामा, मी हिशेब समजून घ्यायला आलेय. तुम्ही फोनवर म्हणालात, कागद-पेन्सिल घेऊन ये, सगळं आकड्यांत सांगतो. आल्यापासून छपरावरच बसलोय आपण.

मामा : आकडे काय, आत्ता सांगतो. पहिला आकडा लिही. शून्य. 'घड्याळजीचं लग्न' या नाटकाच्या सगळ्या प्रयोगांत मिळून रिकाम्या खुर्च्या किती? शून्य. लिहिलंस?

भाची : नाही लिहिलं. कारण त्या खुर्च्यांत मी असायचे.

मामा : तू म्हणजे, असायचीस कधीतरी. घरचंच मूल.

भाची : कधीतरी नाही. मध्यंतराच्या आधी निळा स्वेटर घालून तिसऱ्या रांगेत, मध्यंतरानंतर लाल स्वेटर घालून आठव्या रांगेत. माझ्या एका बाजूला सुताराची मुलं, दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाल्याची म्हातारी आई, आणि मागं तुमच्या दातांच्या डॉक्टरांचं अख्खं घर. डॉक्टर स्वतः तर प्रत्येक प्रयोगाला वेगळी टोपी घालून यायचे.

मामा : त्याला आमच्या धंद्यात घर सजवणं म्हणतात.

भाची : आमच्या धंद्यात त्याला तडकलेल्या काचेवर किमतीची चिठ्ठी चिकटवणं म्हणतात.

मामा : अगं, समोर रिकाम्या खुर्च्या दिसल्या की नटाचा आवाज बसतो. बसलेल्या आवाजाचं औषधपाणी कोण करणार? निर्माता. म्हणजे खर्चच वाचवत होतो मी.

भाची : हसायच्या जागासुद्धा पाठ करून घेतल्या होत्या माझ्याकडून. घड्याळजी चष्मा शोधतोय आणि चष्मा कपाळावरच आहे, तिथं मोठ्यानं. सासरेबुवा कपाटात अडकतात तिथं त्याहून मोठ्यानं.

मामा : काय हसायचीस! तुझ्या एका हसण्यावर अर्धं थिएटर उठायचं.

भाची : अर्ध्या थिएटरला तसं सांगितलेलंच असायचं.

मामी : उरलेलं अर्धं मात्र खरंच हसायचं हं. ते मी ऐकलंय.

भाची : मामी, ते किती होतं, उरलेलं अर्धं?

मामी : असायचं. कमी-जास्त.

मामा : झालं तुमचं दोघींचं? आता धंद्याचं बोलू. हे बघ, तू मला उधार देणार नाहीयेस, हे आधी डोक्यातून काढ. तू भागीदार होणार आहेस. जाहिरातीत तुझं नाव खाली, माझ्या नावाच्या बरोबरीनं.

भाची : नफा झाला तर भागीदार. आणि तोटा झाला तर?

मामा : तोटा हा शब्द तुझ्या तोंडात कुणी घातला?

भाची : कुणी नाही. जन्मापासून या घरात ऐकतेय. बरं, मला खर्च सांगा. एका प्रयोगाचा.

मामा : थिएटरचं भाडं. नटांची नाइट, म्हणजे ज्याचा त्याचा त्या प्रयोगाचा मेहनताना. सामान न्यायला-आणायला टेम्पो. लाइटवाला, संगीतवाला, रंगभूषावाला. वर्तमानपत्रातली जाहिरात. नटांचा चहा.

भाची : आणि यातलं काय काय आधी द्यायचं?

मामा : आधी म्हणजे...

भाची : पडदा उघडायच्या आधी.

मामा : तसं बघायला गेलं तर सगळंच.

भाची : आणि पैसे येणार कधी?

मामा : लोक आले की!

भाची : म्हणजे जे द्यायचंय ते नक्की, आणि जे यायचंय ते लोकांच्या मनावर. असं गिऱ्हाईक माझ्या दुकानात आलं, की आधी चौकट करून द्या, फोटो आवडला तर पैसे देईन, तर मी त्याला दारातूनच नमस्कार करते.

मामा : तुझ्या चौकटीला टाळ्या पडतात का?

भाची : माझ्या चौकटीचे पैसे येतात. आता एक सांगा. समजा तीन चतुर्थांश थिएटर भरलं. सजावट नाही, खरी तिकिटं. काय उरतं?

मामा : तीन चतुर्थांशला आपण बरोबर काठावर. एक पैसा खाली नाही, एक पैसा वर नाही.

भाची : आणि अर्धं भरलं तर?

मामा : अर्धं कसं भरेल? नट कोण आहे ते विचारलंस का? घड्याळजी कोण करतंय माहितीये? ती रोज रात्रीची मालिका आहे बघ, तिच्यातला वकील. तो!

भाची : तो तुमच्याकडे काम करणार? त्याची नाइट आपल्याला झेपेल?

मामा : सांगितलं तर खोटं वाटेल. मी त्याला भेटायला गेलो, तर त्यानं मला ओळखलं. लहानपणी माझं नाटक बघून तो नट झाला. म्हणाला, मालक, तुमच्याकडून नाइट घ्यायची म्हणजे बापाकडून घरभाडं घेण्यासारखं. डोळ्यांत पाणी. माझा रुमाल घेऊन गेला, अजून परत दिला नाही.

भाची : म्हणजे फुकट करणार?

मामा : अर्ध्या नाइटमध्ये.

भाची : आणि ऐन प्रयोगाच्या दिवशी मालिकेचं शूटिंग लागलं तर?

मामा : तर तो तिकडं नाही म्हणून सांगेल.

भाची : मामी?

मामी : मला काय विचारतेस, बाळा? मी फक्त रुमाल शोधला. तो कपाटातच होता.

मामा : दुसरा होता तो!

भाची : मामा, शूटिंग लागलं, तो आला नाही, प्रयोग रद्द झाला, तर थिएटरचं भाडं परत मिळतं का?

मामा : भाडं परत द्यायची पद्धत थिएटरांत नसते. ते काय हॉटेल आहे?

भाची : मग ते गेलं. जाहिरात गेली. टेम्पोवाला भरून आलेला असणार, तोही गेला. आणि तिकिटांचे पैसे लोकांना परत.

मामा : तू ना, कोपऱ्यात उभी राहून सगळं वाईटच बघतेस. बापावर गेलीस.

भाची : कोपरे बघणं हेच माझं काम आहे. चार पट्ट्या कितीही सुंदर असू देत, एक कोपरा उघडा राहिला की काच खाली येते. आणि तुमचा कोपरा जुळत नाहीये, मामा. हे काय शिवताय, मामी?

मामी : नवरीचा झगा.

भाची : नवी मखमल आहे.

मामा : जुन्या पडद्यातली आहे ती. मधला भाग, ऊन लागलं नाही म्हणून नवा दिसतो.

भाची : पडद्याला शिलाईच्या कडेला कंपनीचा शिक्का असतो का? कापडाच्या दुकानातल्यासारखा?

मामा : चांगल्या पडद्याला असतो.

भाची : आणि आल्यापासून हा रंध्याच्या भुशाचा वास येतोय. मागं लाकूडकाम चाललंय. ताजं लाकूड आहे, मी रोज तेच कापते.

मामा : सुतारानं नमुना दाखवायला आणलं थोडं. घड्याळाची कमान कशी येते ते बघायला.

भाची : म्हणजे काम सुरू झालंय. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि सुतार आलाय, मखमल आलीय. पैसे कुठून आले?

मामा : नाटकवाल्याला सगळं पैशांनीच मिळतं असं नाही. नावावर मिळतं. सुताराचा बाप माझ्याकडं होता. त्याला म्हटलं, घड्याळजीचं लग्न पुन्हा लावतोय. त्यानं हातातली करवत खाली ठेवली आणि रडायला लागला.

भाची : सगळेच रडतायत. तिकडं तो वकील, इकडं हा सुतार.

मामा : जिव्हाळा म्हणतात त्याला. तुमच्या दुकानात विकत मिळत नाही तो.

भाची : बरं. रागावू नका. मला एवढंच सांगा, तुमच्याकडं असं काय आहे, की ज्याच्या जोरावर तुम्ही मला इतक्या खात्रीनं बोलावलंत? नट नक्की नाही. लोक येतील की नाही ते माहीत नाही. मग नक्की काय आहे?

मामा : हां! आता कामाचं विचारलंस. तारखा.

भाची : कसल्या तारखा?

मामा : अगं, थिएटर काही रोज रिकामं नसतं. दर तीन महिन्यांनी मॅनेजर तारखा वाटतो. जुन्या कंपन्या आधी, नव्या मागून. आपली कंपनी सगळ्यांत जुनी. आज तिच्याकडं दोन ट्रंका, एक पेटी आणि मी आहे, पण यादीत नाव पहिलं. म्हणून पुढच्या तीन महिन्यांतले सगळे रविवार, संध्याकाळचे, मॅनेजरनं आपल्या नावावर टाकलेत.

भाची : सगळे?

मामा : सगळे. रविवार संध्याकाळ म्हणजे काय, तुला कळत नाहीये. मंगळवारी दुपारी राजाराणी स्वतः उतरून आले तरी थिएटरात डासच असतात. आणि रविवारी संध्याकाळी नुसता पडदा उघडा ठेवला तरी लोक येऊन बसतात. घरात करमत नाही ना त्यांना.

भाची : मग दुसऱ्यांना नको असतात हे रविवार?

मामा : नको? तो शेठ आहे ना, मोठा निर्माता, रस्तोरस्ती ज्याचे फलक लागलेत, त्याच्याकडं नट आहेत, गाड्या आहेत, जाहिरातीला पाण्यासारखा पैसा आहे. काय नाही? रविवार नाही. कारण तो काल आलाय आणि आम्ही कधीचे बसलोय. एकेका रविवारासाठी तो काय मोजेल, ते सांगितलं तर तू त्या खुर्चीतून पडशील.

भाची : आणि कंपनीनं काही प्रयोगच केले नाहीत तर? यादीत नाव राहतं?

मामा : तिथंच तर गोम आहे. या हंगामात प्रयोग लागला नाही तर नाव कटणार. मॅनेजरनं तोंडावर सांगितलंय.

भाची : थांबा. थांबा, मामा. आता मला दिसायला लागलं.

मामा : काय दिसलं?

भाची : तुम्हाला नाटक नकोच आहे. यादीतलं नाव टिकवायला दोन-चार प्रयोग पाहिजेत, ते माझ्या पैशांत करायचे. ते पडले तर माझे पैसे पडले. आणि उरलेले रविवार मागच्या दारानं शेठला विकायचे. त्यातला फायदा कंपनीचा. असंच ना?

मामा : ऐकलंस का गं? माझी भाची मला दलाल म्हणतेय.

मामी : दलाल नाही म्हणाली. त्याच्या आसपास म्हणाली.

मामा : रविवार विकायचे? मी? अगं, रविवार विकणारा निर्माता म्हणजे स्वतःचं अंगण भाड्यानं देऊन गल्लीत झोपणारा माणूस!

भाची : ओरडू नका. मी तुम्हाला ओळखते, तुम्ही खोटं बोलता तेव्हाच आवाज चढतो. मला फक्त विचार करू द्या. यादीत नाव राहायला कुठलंही नाटक चालतं?

मामा : कुठलंही. मॅनेजर काय, पडदा वर गेला की सही करतो.

भाची : मग दोन पात्रांचं का नाही केलंत? एक सोफा, एक टेलिफोन, नवरा-बायको भांडतात, संपलं. टेम्पो नको, रिक्षात मावतं सगळं.

मामा : त्याला नाटक म्हणतात?

भाची : मॅनेजर म्हणतो. मग तुम्ही हे सात नटांचं नाटक का घेतलंत? तेरा ठोके देणारं, माणूस आत मावेल एवढं घड्याळ का बनवताय? झग्याला मखमल कशाला? लबाडी करणारा माणूस मखमल घेत नाही, मामा. लबाडी करणारा माणूस अस्तराचं कापड घेतो.

मामा : काय म्हणायचंय तुला?

भाची : मला वाटलं, तुम्ही मला फसवताय. हे तर त्याहून वाईट निघालं. तुम्हाला खरंच नाटक करायचंय.

मामा : हळू बोल. मॅनेजरच्या कानावर गेलं तर भाडं वाढवेल.

मामी : इतक्या दिवसांत एवढं खरं कुणी यांना तोंडावर बोललं नव्हतं.

भाची : नवरी कोण करतंय, मामी?

मामी : एक मुलगी आहे. दिवसा औषधांच्या दुकानात असते, संध्याकाळी येते. चालते बरी, पण शेवटचं वाक्य घाईनं टाकते. तेरा ठोके झाले की थोडं थांबायला पाहिजे. ऐकलेल्या ठोक्यांचा लोकांना मनात हिशेब लावू द्यायचा, आणि मग बोलायचं.

भाची : म्हणा ना. तुम्ही म्हणायचात तसं.

मामी : आता कुठं, बाळा. सुई तोंडात आहे.

भाची : मामी.

मामी : "आजचा दिवस संपला, आणि उद्याचा अजून सुरू झाला नाही. या मधल्या वेळात आपल्याला कुणी काही विचारणार नाही. चला."

मामा : बघ. बघ! मशीन चालू ठेवून म्हणाली. आणि तू डोळे पुसतेयस.

भाची : भुसा गेला.

मामा : तुला एक सांगू? तुझ्या शंका मला आवडल्या. शंका घेणारा भागीदार पाहिजेच. म्हणून तुला शब्द देतो, आणि मामीसमोर देतो. पाच प्रयोग करू. नुसते पाच. पाचव्या प्रयोगाला तीन चतुर्थांश थिएटर खऱ्या तिकिटांनी भरलं नाही, तर सहाव्या रविवारपासून सगळ्या तारखा शेठच्या हवाली. तो रोख मोजेल, आणि त्यातला पहिला पैसा तुझा. तुझं मुद्दल पुरं होईपर्यंत मी त्यातून पानसुपारीलासुद्धा हात लावणार नाही.

भाची : आत्ता तर म्हणालात, रविवार विकणारा गल्लीत झोपतो.

मामा : भाचीसाठी झोपेन. गल्ली काय वाईट आहे? वारा येतो.

भाची : म्हणजे नाटक चाललं तर ठीक, आणि पडलं तर रविवार आहेत.

मामा : बुडायला जागाच नाही तुला. खाली गादी घालून उडी मारायला सांगतोय.

भाची : हा कोपरा मात्र जुळतोय.

मामी : बाळा, तुझ्या दुकानाचं काय झालं? तो मालक जागा विकणार होता ना?

भाची : मलाच देतोय, मामी. इतकी वर्षं भाडं भरलं म्हणून आधी मला विचारलं. पण रक्कम या शुक्रवारी हातात पाहिजे म्हणतो.

मामी : नाही दिली तर?

भाची : शेजारचा मोबाइलवाला टपून बसलाय. भिंत पाडून मोठं करायचंय त्याला. मग मी काच कुठं कापू? स्वयंपाकघरात?

मामी : आणि ती रक्कम म्हणजे ही, पर्समधल्या चेकबुकातली.

भाची : थोडी कमीच आहे. म्हणून तर आले. मामा म्हणाले, मुदत मी वाढवून घेतो, आणि पहिल्याच रविवारी वरची भर पडेल.

मामा : मालकाला मी भेटतो. त्याला पहिल्या रांगेतले दोन पास देतो, तो मुदत वाढवतो की नाही बघ. नाटकाचा पास बघून मी कर्कश माणसांचे आवाज मऊ झालेले ऐकलेत. एकदा तर जप्तीला आलेला माणूस पास घेऊन गेला आणि जाताना स्वतःची छत्री ठेवून गेला.

भाची : त्याला नाटक आवडत नाही. मी विचारलंय.

मामा : त्यानं आपलं बघितलं नाही म्हणून. बरं, शुक्रवारचा विचार आज नको. आज चेक लिही, उद्या सकाळी नटांना बोलावतो, तालीम सुरू. आणि रात्री झोप येत नाही असं वाटलं तर एवढंच मनाशी म्हण, रविवार आपल्या खिशात आहेत. रविवार कुठं जात नाहीत.

भाची : चेक कुणाच्या नावानं लिहू? तुमच्या की कंपनीच्या?

मामा : कंपनीच्या. मी काय, आज आहे, उद्या नाही. कंपनी अमर आहे. पेन चालतंय ना? माझं देऊ?

भाची : चालतंय.

मामा : अगं, मशीन का थांबवलंस?

मामी : दोरा संपला.

मामा : रीळ तर भरलेलं दिसतंय मला इथून.

मामी : मग नसेल संपला.

भाची : काय झालं, मामी?

मामी : काही नाही. लग्न झाल्यापासून मी यांच्या बोलण्यात कधी आडवी आले नाही, बाळा. यांनी हत्ती उडाला म्हटलं, की पंख कसे होते ते मी सांगायचे. ऐकणाऱ्याला बरं वाटायचं, यांनाही बरं वाटायचं, आणि कुणाच्या घरातलं काही जायचं नाही.

मामा : मग आज कशाला आडवी येतेस?

मामी : आज तिचं दुकान जातंय.

मामा : अगं, तिचं दुकान कुठं जातंय? शब्द दिलाय मी. चालवून दाखवीन. नाहीच चाललं तर तारखा आहेत ना.

भाची : मामी, बोला.

मामी : शेठचा माणूस परवा आला होता. तू बसलीस त्याच खुर्चीत बसून चहा प्यायला आणि रोख मोजून गेला. सुतार काय फुकट रडायला येतो?

मामा : तो नुसता भेटायला आला होता. जुनी ओळख...

मामी : मंगळवारच्या दुपारी ठेवल्यात त्यानं आपल्याला. टोपण लाव पेनाला, बाळा. ते रविवार आता आपले नाहीत.